दिव्याला न दिसणारी सिएनी

सिएनी माईंच्या अंगणातला दिवा बिघडल्याचा फोन आला, तेव्हा एतुआले धक्क्याजवळच्या आपल्या दुकानात एका जुनाट पंख्याशी झटत बसला होता. सोमवारची दुपार होती. शेजारच्या उपोलू बेटावरून आलेली बोट नुकतीच धक्क्याला लागली होती आणि खोबऱ्याच्या पोत्यांचा खवट वास दुकानात भरून राहिला होता.

फोन ऑकलंडहून होता. सिएनी माईंची लेक लोसा. शाळेत ती एतुआलेच्या पुढच्या बाकावर बसायची, त्यामुळे त्याच्याशी बोलताना तिला आडपडदा म्हणून नव्हता.

"तू बसवलेला दिवा माझ्या आईसाठी लागत नाही."

"मग कोणासाठी लागतो?"

"कोणासाठीच नाही. म्हणजे... कोणी नसतानाच लागतो, म्हणते ती. आपोआप लागणारा दिवा मागितला होता मी तुझ्याकडे, मनाला येईल तेव्हा लागणारा नव्हे."

"लोसा, बसवला तेव्हा मी स्वतः चालून बघितला होता."

"तू तिथे राहतोस का? राहते ती." लोसाचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, दीड महिन्यापूर्वी ती अंधारात पडली. खुबा मोडायचा थोडक्यात वाचला. शुक्रवारच्या बोटीने मी येतेय. दिवा चालत असेल तर राहू दे तिला तिथे. नसेल तर तिला घेऊनच परत येणार. तिकीट काढलंय."

"माई येतील?"

"येईल कसली. बाबांचं थडगं सोडून ती शेजारच्या गावातसुद्धा राहत नाही. रडेल, दोन महिने जेवणार नाही, आणि मग... म्हणून तर तुला सांगतेय. नीट कर."

एतुआलेने पंखा बाजूला सारला. पंचवीस वर्षं तो सवाई बेटाच्या गावागावांत तारा ओढत हिंडला होता. शाळा, चर्च, दुकानं, कोणाच्या कामाला दुसऱ्यांदा जावं लागलं तर त्याला जेवण गोड लागत नसे. आणि हा दिवा बसवून तर जेमतेम तीन आठवडे झाले होते. चरफडत त्याने शिडी गाडीवर टाकली आणि माईंच्या माताफोनू गावाचा रस्ता धरला.

सिएनी माईंचं घर गावाच्या टोकाला होतं. खांबांवर उभं, चहूबाजूंनी उघडं. रस्त्याच्या बाजूला त्यांच्या म्हाताऱ्याचं फरशी लावलेलं थडगं, त्याच्या चार कोपऱ्यांना लोसाने पाठवलेले छोटे सौरदिवे. घराच्या दुसऱ्या अंगाला चुलीची खोप, तिच्यावर वाकलेला नीरफणस. खोपीपासून घराच्या पायऱ्यांपर्यंत वीस-पंचवीस पावलांचं मोकळं अंगण. माई पडल्या त्या इथेच. दिवा होता घराच्या कोपऱ्यातल्या खांबावर, या अंगणाकडे तोंड करून.

"ये लेका, ये! जेवायला ये!" गाडी थांबायच्या आधीच माईंनी हाक मारली. तशी त्या सगळ्यांनाच मारत. रस्त्याने जाणारा ओळखीचा असो, परका असो, पाद्री असो नाहीतर डुकरं शोधत हिंडणारं कोणी असो, उघड्या घरात बसून त्याला जेवायला न बोलावणं म्हणजे त्याचा अपमान करणं.

"आधी तुमच्या दिव्याकडे बघतो, माई."

"बघ बाबा. फार आगाऊ आहे तो. मला ओळखच देत नाही."

एतुआलेला हसू आलं. दिव्याच्या डोळ्यावर, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या भिंगावर, पालीने अंडी घातलेली निघाली, शिवाय एका कीटकाने मातीचं घरटं केलेलं. त्याने सगळं खरवडून पुसून काढलं. पाल डोळ्यावरून फिरली की दिवा लागतो, हे या बेटावर रोजचंच. चोर सापडला, असं म्हणत त्याने अंधाराचा खटका फिरवला, म्हणजे दिवा दिवसाही लागावा, आणि खाली उतरून अंगणातून चालत गेला. टक्. दिवा लागला. परत आला. टक्. लागला.

"आता तुम्ही चाला, माई."

माई काठी टेकत निघाल्या. खोपीपर्यंत गेल्या, परत आल्या. दिवा ढिम्म.

"पुन्हा."

पुन्हा ढिम्म.

"सरळ दिव्याकडे येऊ नका. आडव्या चाला. समोरून येणारा त्याला कमी दिसतो."

माई आडव्या चालल्या. तिरप्या चालल्या. भरभर चालायचा प्रयत्न करून धापा टाकत उभ्या राहिल्या. एतुआले शिडीवरून बघत होता आणि त्याचं टाळकं तापत चाललं होतं. हा दिवा माणसाला डोळ्यांनी बघत नाही. अंगाची ऊब समोरून हलली की त्याला कळतं, बस्स. मांजर कळतं, कोंबडी कळते. मग हीच तेवढी का कळत नाही?

खाली उतरून त्याने माईंचा हात हातात घेतला. चांगला ऊबदार होता, त्याच्या स्वतःच्या हाताइतकाच.

"मेलेली नाहीये रे मी," माई म्हणाल्या, "एवढ्यात नाडी बघायला नको." आणि बोळक्या तोंडाने हसल्या.

गावात संध्याकाळची पहिली घंटा झाली. घंटा म्हणजे झाडाला टांगलेलं गॅसचं रिकामं नळकांडं. त्यावर लोखंडी कांब हाणली की आवाज समुद्रापर्यंत जातो. पहिल्या घंटेला घराकडे वळायचं. दुसऱ्या घंटेला घरोघरी प्रार्थना सुरू होते, त्या वेळी अंगणात, रस्त्यावर कोणी दिसता कामा नये. तिसरी होईपर्यंत गाव असाच बसून राहतो. गावातले तगडे बाप्ये लुंग्या खोचून रस्त्याच्या कडेला पहारा देतात, आणि कोणी हलताना दिसलाच तर त्याच्या घराला दंड म्हणून डबाबंद मासळीची खोकी भरावी लागतात. धक्क्याच्या गावात हे कोणी फारसं पाळत नाही. इथे मात्र पाद्र्याचीसुद्धा गाडी जागच्या जागी थांबते.

एतुआलेने गाडी काढली. "नवा डोळा घेऊन येतो," एवढंच बोलला.

*

बुधवारी तो नवा डोळा घेऊन आला. जुना उतरवला, नवा चढवला, तारांचे जोड सोडून पुन्हा बांधले. नीरफणसाची पानं वाऱ्याने हलतात म्हणून खोपीवरच्या दोन फांद्या छाटल्या. मग काळी चिकटपट्टी घेऊन डोळ्याचा बराचसा भाग झाकून टाकला. रस्ता झाकला, झाड झाकलं, पाण्याची तापलेली टाकी झाकली. उघडी ठेवली फक्त खोपीपासून पायऱ्यांपर्यंतची पाच पावलं रुंदीची वाट. आता या वाटेवर काही हललं तरच दिवा लागणार. नाहीतर माझं नाव एतुआले नव्हे, असं तो तोंडाने म्हणालाही.

या सगळ्यात पहिली घंटा होऊन गेल्याचं त्याच्या लक्षातच आलं नाही. दुसरी झाली तेव्हा तो शिडीवर होता.

"उतर खाली! आत ये, आत!" माईंचा आवाज इतका कडक त्याने कधी ऐकला नव्हता. तो धडपडत उतरला आणि चटईवर जाऊन बसला.

माईंनी स्तोत्र धरलं. शेजारच्या घरातून, त्याच्या पलीकडच्या घरातून, सगळ्या गावातून तेच सूर हळूहळू वर आले. चुलींचा धूर खाली बसला होता. बाहेर अजून करडा उजेड होता, पण घराच्या आत माणसाचा चेहरा दिसेनासा होत चालला होता. एतुआलेने डोळे मिटले. मनात देव नव्हता, दिव्याच्या डोळ्याचे तीन खटके होते.

टक्.

मिटल्या पापण्यांवर उजेड पडला.

त्याने डोळे उघडले. अंगण लख्ख दिसत होतं. खोपीपासून पायऱ्यांपर्यंतची वाट स्वच्छ, रिकामी. कोंबड्या झाडावर चढून बसल्या होत्या. कुत्रा घराखाली होता, तोंड पलीकडे करून. दिवा दहा सेकंदांनी विझला, तसा त्यानेच तो लावून ठेवला होता. आणि लगेच... टक्. पुन्हा लागला.

तो उठायला लागला तसा माईंनी त्याचा दंड धरला. गाणं न थांबवता त्यांनी मान हलवली, आणि ओठांवर बोट ठेवलं.

तिसरी घंटा होईपर्यंत दिवा अकरा वेळा लागला. एतुआलेने मोजलं. घंटा झाल्यावर तो अंगणात धावला तेव्हा काहीच नव्हतं, आणि दिवा त्याला बघून शहाण्यासारखा लागला.

"रोज असंच?" त्याने विचारलं.

"प्रार्थनेच्या वेळी रोज. मग रात्रभर मी गेले तर लागत नाही."

"आणि तुम्ही पडलात ते..."

माईंनी केळीच्या पानात बांधलेले तारोचे, अळूसारखे, उकडलेले कंद त्याच्यापुढे सारले. मग सांगू लागल्या.

"दुसरी घंटा झाली होती. चटईसाठी केवड्याची पानं वाळत घातली होती मी, आणि दव पडायला लागलं होतं. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. पानं गोळा करता करता मागे कोणीतरी चालल्यासारखं वाटलं. मला वाटलं, पहाऱ्यावरचं कोणी असेल, दंड मागेल. म्हणून हसून म्हटलं, कोण ते? ये ना इकडे. वळून बघते तर..."

"तर?"

"तर पडले. पुढचं ठाऊक नाही." त्यांनी पदरासारखं खांद्यावरचं कापड ओढून घेतलं. "तेव्हापासून अंगणात आहे ते."

"काका असतील," एतुआले म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून.

"माझा म्हातारा असता तर मी आत बोलावून ताट वाढलं नसतं का त्याला? हे आमच्यातलं कोणी नव्हे. आमच्या आजीच्या तोंडून ऐकलंय मी. त्या वेळी सगळे आत असतात ना, म्हणून जे बाहेर राहिलं ते बाहेरच राहतं. जो हाक मारेल त्याच्या मागे लागतं, पण बोलावल्याशिवाय कोणाच्या घरात त्याला शिरता येत नाही. आणि आपल्या लोकांना तर मेली दिसेल त्याला बोलवायची खोड!" मग त्याच्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "उजेड लागला आणि माणूस दिसलं नाही, तर हाक मारू नको. कोणालाही."

एतुआलेला भीती वाटली नाही असं नाही. पण त्याहून जास्त त्याला राग आला होता. डोळा बदलून झाला, झाड छाटून झालं, पट्टी लावून झाली, आणि आता कारण काय, तर भूत! उद्या हे लोसाला सांगायचं? ती फोनवरच त्याची सालटी काढेल आणि परवा माईंना बोटीत बसवेल.

"माई, साधं बटण लावून देतो. हाताने लावायचा दिवा."

"दोन्ही हातांत पातेलं असतं माझ्या. आणि लोसाला बटण चालणार नाही, मी विचारलंय." माईंच्या आवाजात पहिल्यांदाच कंप आला. "एतुआले, मला नको रे पाठवू तिकडे. तिच्या इमारतीत सातव्या मजल्यावर खिडकी उघडत नाही. हाक मारायला खाली कोणी नाही. तिथे मी कोणाला जेवायला बोलावू?"

एतुआलेने उरलेले कंद पानात गुंडाळले आणि शिडी गाडीवर टाकली.

*

गुरुवारी दुपारभर त्याने दुकानात तो उतरवलेला जुना डोळा मेजावर ठेवून तपासला. निर्दोष. हात पुढे केला की टक्, मागे घेतला की गप्प. त्याने तो भिंतीवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला. संध्याकाळी चार वाजता त्याने ठरवून टाकलं. बिघाड ज्या वेळी होतो त्या वेळी आपण नेमके डोळे मिटून आत बसतो, मग सापडणार कसा? आज प्रार्थनेच्या वेळी बाहेरच राहायचं. पहाऱ्यावाल्यांना चुकवून खोपीत बसायचं आणि जे काय आहे ते पकडायचं. कुठल्यातरी पोराचा खोडसाळपणा असला तर त्याचे कान लांब करायचे.

माताफोनूला पोचला तेव्हा माई पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्याने बेत सांगितला. त्यांनी ऐकून घेतला.

"मी तुला बाहेर राहा म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांची नजर थडग्याकडे वळली. "आत ये, असंही म्हणणार नाही."

घाईत एतुआलेला त्यात काही वाटलं नाही. त्या दिवशी माईंनी त्याला जेवायला बोलावलं नव्हतं, हेही त्याला फार उशिरा आठवलं.

पहिली घंटा झाली. त्याने गाडी घरामागे दडवली आणि खोपीत थंड चुलीजवळ जाऊन बसला. राखेचा आणि जुन्या धुराचा वास नाकात बसला. रस्त्यावरून पहारेकऱ्यांच्या चपला फटफटत गेल्या. दुसरी घंटा झाली. मग गाव एकदम मिटला. कुत्रं नाही, मूल नाही, मोटार नाही. माईंचं स्तोत्र सुरू झालं आणि त्यामागे बाकीची घरं.

एतुआले वाकून वाटेवर आला. टक्. दिवा लागला. ठीक. तो परत खोपीत गेला. दहा सेकंद. विझला.

त्याने श्वास धरला.

टक्.

वाट रिकामी होती. वारा नव्हता. नीरफणसाचं एक पानही हलत नव्हतं. विझला. टक्. रिकामी. विझला. टक्. कोणीतरी वाटेवर येरझारा घालत असावं, तशी ती लय होती. खोपीपासून पायऱ्यांपर्यंत, पायऱ्यांपासून खोपीपर्यंत. पायऱ्यांशी जरा जास्त वेळ. एकदा उजेडात त्याला मातीवर पडलेलं केवड्याचं एक वाळकं पान दिसलं. ते मधोमध दबलं, आणि सावकाश पुन्हा वर आलं.

कोणी शहाणा असता तर तिथेच गुडघ्यांत मान घालून बसला असता. पण चार दिवसांचा वैताग एतुआलेच्या डोक्यात चढला होता. हेच ते, याच्यामुळे दोन डोळे वाया, याच्यामुळे त्या म्हातारीला देशोधडीला लावायची पाळी. त्याच्या तोंडून निघून गेलं.

"कोण आहे रे? चोरासारखा काय फिरतोस? यायचं तर ये ना असा इकडे, समोर!"

मोठ्याने नाही. दबक्या आवाजातच. पण घरातलं स्तोत्र एका ओळीपुरतं थांबलं. मग माईंनी ते पुन्हा धरलं, आधीपेक्षा वरच्या पट्टीत.

दिवा विझला.

एतुआले वाट बघत उभा राहिला. दहा सेकंद गेले. वीस. मिनिट गेलं. टक् झालं नाही. तो वाटेवर उतरला. दोन्ही हात हलवले. दिव्याखाली जाऊन उडी मारली. काळोख तसाच. मानेमागे मात्र हवा गार झाली होती, आणि कुठूनतरी दव पडलेल्या केवड्याचा ओला वास येत होता.

तिसरी घंटा झाली.

माई काठी टेकत पायऱ्यांवर आल्या. पहिलं पाऊल अंगणात टाकलं.

टक्.

पांढऱ्या उजेडात त्या उभ्या राहिल्या. चार पावलं चालल्या. थांबल्या, पुन्हा चालल्या. दिवा विझायचा, त्या हलल्या की लागायचा. माईंनी तोंडावर हात धरला. हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं.

"दिसले रे! दिसले मी त्याला!"

"बघा! सांगितलं नव्हतं मी, नीट करीन म्हणून?" एतुआलेच्या जिवात जीव आला. नेमकं काय नीट केलं ते त्याला सांगता आलं नसतं, पण कामगाराला चालू झालेली वस्तू पुरे असते. "आत बसतो जरा, माई. पाणी द्या."

माई पायऱ्यांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. वाट अडवल्यासारख्या.

"नको. घरी जा तू." त्यांनी पानात बांधलेलं जेवण लांबूनच पायरीवर ठेवलं आणि मागे सरकल्या. त्यांचे डोळे एतुआलेवर नव्हते, त्याच्या खांद्यामागे होते. "एतुआले, देव तुझं भलं करो. मी म्हातारी आहे, स्वार्थी आहे. मला क्षमा कर. आणि घरी गेल्यावर बायकोला, सालोमेला सांग. विसरू नको. उजेड लागला तर..."

"हाक मारू नको. ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याला फार दमल्यासारखं झालं होतं.

*

चाळीस मिनिटांचा रस्ता. वाटेतल्या गावांतली कुत्री एरवी त्याच्या गाडीमागे धावतात. आज ती रस्त्याकडेला उभी होती आणि गाडी गेल्यावरही मागेच बघत होती. एतुआले लोसाला काय सांगायचं ते मनात जुळवत होता. आतला जोड सैल होता, म्हणावं.

त्याच्या स्वतःच्या अंगणात तसाच दिवा होता, पाच वर्षं जुना, एकदाही न बिघडलेला. गाडीतून उतरून तो पंधरा पावलं चालला. दिवा लागला नाही. ठेचकाळत तो पायरीपर्यंत आला.

"दिव्याखाली अंधार," आतून सालोमे हसली. त्याची बायको चुलीकडे तोंड करून नारळाच्या दुधातली मासळी ढवळत होती. "सगळ्या बेटाला उजेड देतो आणि आपल्या घरी ठेच खातो. आत्ता मी गेले तेव्हा तर चांगला लागला होता."

"बघतो उद्या," तो म्हणाला, आणि चटईवर बसला. त्याला वाटलं, सांगावं हिला. आत्ताच सांगावं.

"सालोमे, ऐक..."

खिशात फोन वाजला. लोसाचा निरोप होता. त्याने वाचला. 'आईने शेजारणीला फोन घेऊन पायऱ्यांवर उभं केलं आणि मला दिवा दाखवला. दहा वेळा चालली वेडी! मला रडू आवरेना. राहू दे तिला तिथे. तिकीट रद्द करते. तुझे उपकार झाले रे.'

आठवडाभरात पहिल्यांदा एतुआले मनापासून हसला. माईंची ती सातव्या मजल्यावरची न उघडणारी खिडकी त्याच्या डोळ्यांसमोर आली, आणि गेली. डोळे भरून आले म्हणून त्याने तो निरोप दुसऱ्यांदा वाचायला घेतला.

टक्.

अंगण उजळलं.

सालोमेची पाठ अंगणाकडे होती. हातात पळी होती. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. तिच्या आईने, आजीने, या बेटावरच्या प्रत्येक बाईने जन्मभर जे केलं तेच तिने केलं.

"या, या! आत या! जेवायला या!"

एतुआलेचा हात वर गेला तो तसाच राहिला. अंगणात कोणी नव्हतं. पायरीवरचा पाण्याचा तांब्या जरासा हलला, आणि केवड्याचा ओला वास घरात आला.

"कोण आहे रे?" सालोमेने ताटं घेत विचारलं. तीन ताटं. एक चटई तिने झटकून त्याच्या शेजारी टाकली होती.

तो दिव्याकडे बघत होता. त्याचा दिवा एका मिनिटावर लावलेला होता. बाहेर कोणी हलत असेल तोवर तो विझत नाही. एतुआले सेकंद मोजत राहिला. पन्नास. पंचावन्न. विझू नको, लागलेला राहा, असं तो मनातल्या मनात दिव्याला विनवत होता.

साठ झाले. दिवा विझला. बाहेर आता कोणी नव्हतं.

"गेले वाटतं," सालोमे म्हणाली, आणि वळून मधोमध दबलेल्या त्या चटईकडे बघत राहिली.